डिकीवरची चार अक्षरं

नांदेडहून सकाळच्या एसटीनं परतले आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकले. आमच्या पांढऱ्या गाडीला अंगभर देवी आल्या होत्या, त्याही हिरव्या. टपापासून चाकापर्यंत ऑइलपेंटचे शिंतोडे. काही मोहरीएवढे, काही तुरीच्या दाण्याएवढे, आणि पुढच्या काचेवर तर एक लांबलचक ओघळ जागच्या जागी वाळलेला. वर बघितलं. शेजारच्या सरांच्या घराला बाहेरून नवा लोखंडी जिना लागला होता आणि तो ताज्या हिरव्या रंगात चकाकत होता.

त्या वर्षांत लातुरात ज्याच्याकडे जागा होती त्यानं खोल्या बांधल्या आणि ज्याच्याकडे डिग्री होती त्यानं क्लास काढला. शेजारच्या सरांकडे दोन्ही होतं. खाली फिजिक्सचा क्लास, वर बाहेरगावच्या पोरांच्या खोल्या, आणि आता गच्चीवर आणखी खोल्या. त्या बांधकामाच्या वाळूचा ढीग आमच्या फाटकासमोर पडला होता, म्हणून मी गाडी त्यांच्या भिंतीच्या कडेला लावून गेले होते. नवऱ्याची बदली नांदेडला झालेली, तिकडे त्याला ताप भरला होता. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मी मनाशी म्हटलं होतं. भाद्रपदातल्या उन्हाला दोन दिवस पुष्कळ होतात.

मी पिशवी खाली ठेवली आणि आधी गाडीच्या मागच्या बाजूला धावले. टपाचं आणि दारांचं काय व्हायचं ते होवो. डिकीच्या उजव्या कोपऱ्यात चार अक्षरं होती, तांबडी, काळ्या सावलीची, वितीएवढ्या जागेत बसवलेली. त्यांच्यावरही शिंतोडे होते.

ती अक्षरं अप्पांच्या हातची. अप्पा म्हणजे माझे वडील. ते गावच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि गावात जिथं म्हणून गावाचं नाव लिहिलेलं होतं, शाळेच्या कमानीवर, एसटीच्या थांब्यावर, सोसायटीच्या गोदामावर, ते सगळं त्यांनी लिहिलेलं होतं. भूकंपात ते गाव गेलं. आई गेली. गणपतीचं विसर्जन करून अप्पा त्या रात्री शेतातच झोपले होते, म्हणून राहिले. पुढे गाव दुसरीकडे वसलं, नवी घरं मिळाली, पण तिथं अप्पा एकटे राहून करणार काय? मी त्यांना लातूरला आणलं. आणलं म्हणण्यापेक्षा ओढून आणलं.

आमच्याकडे बाप लेकीच्या घरी पाहुणा म्हणून येतो आणि तिसऱ्या दिवशी पिशवी उचलतो. आधीच्या पिढीतले तर नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. अप्पा शिकलेले, पण हा काटा त्यांच्या मनातून काही निघेना. मग त्यांनीच त्यावर उपाय काढला. ते लिहायला लागले. दारावरची पाटी लिहिली, मीटरच्या पेटीवर लिहिलं, पाण्याच्या टाकीवर लिहिलं, आणि लिहायला काही उरेना तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातले डबे घेतले. माझ्या तुरीच्या डाळीच्या डब्यावर जे अक्षर होतं तसं लातुरातल्या एकाही दवाखान्याच्या पाटीवर नव्हतं. मी गाडी शिकले आणि ही जुनी गाडी घरी आली, तेव्हा त्यांनी न विचारता डिकीवर गावाचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर हात पुसत पानावर बसले आणि त्या दिवशी एक भाकरी जास्त जेवले. माणूस कशावर जेवतो ते मला तेव्हा कळलं.

मग क्लासवाल्यांनी त्यांना हेरलं. शहरातल्या भिंतींवर नंबरात आलेल्या पोरांची नावं अप्पांच्या अक्षरात दिसायला लागली. पुढे फ्लेक्स आले आणि ते काम गेलं. आणि एक दिवस सकाळी दाढी करताना अप्पांच्या हातातून ब्रश गळून पडला. उजवी बाजू गेली. पायात थोडी ताकद परतली, जीभही जरा वळायला लागली, हात मात्र आला नाही. लिहिणं संपलं आणि माझ्या घरचं जेवण त्यांना जड झालं. अर्धी भाकरी खाऊन ताट सारायचे. मी रागावले, रडले, दोन दिवस बोलले नाही. काही उपयोग नाही. त्यांचं एकच, गावी जातो. गावी म्हणजे त्या नव्या वसाहतीतल्या कुलूपबंद घरात. विधवा आत्याला त्यांनी निरोप धाडला, ती आली, आणि दोघांनी मिळून ठरवून टाकलं की दसरा झाला की निघायचं.

या सगळ्यात माझ्या बाजूनं बोलणारी एकच गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे डिकीवरची ती अक्षरं. संध्याकाळी मी शाळेतून गाडी आणून लावली की अप्पा ओसरीतून उठायचे, भिंत धरत फाटकापर्यंत यायचे आणि त्या नावाकडे बघत उभे राहायचे. या घरात आपलं काही आहे असं त्यांना वाटायला तेवढंच कारण होतं. तेही पुसलं गेलं तर त्यांना कोणत्या तोंडानं थांबा म्हणायचं? मी तिथंच ठरवलं, गाडीवरचा रंग काढायचा आणि अक्षराला धक्का लागू द्यायचा नाही.

ठरवून मान वर करते तर बॉनेटवरून खसाखसा आवाज. आत्या. घटस्थापना तोंडावर आलेली, त्यामुळे तिनं घरातली सगळी पितळी भांडी अंगणातल्या नळाखाली काढली होती. घागरी झाल्या, समया झाल्या, आणि त्याच झपाट्यात राख, चिंच आणि नारळाचा काथ्या घेऊन बाई गाडीला भिडल्या होत्या. मी ओरडत धावले. तोवर बॉनेटवर तळव्याएवढी जागा चिंचेनं माखली होती. पुसून बघितलं तर हिरवा ठिपका जागच्या जागी आणि भोवतालची चकाकी गायब.

"आत्या, ही घागर नाही."

"घासल्याबिगर निघंल का?" आत्या म्हणाली. तिचंही बरोबरच होतं. तिच्या आयुष्यात घासून जे निघालं नाही असं काही तिला भेटलेलं नव्हतं.

अप्पा ओसरीत खुर्चीवर बसून होते. आत्यानं सांगितलं, रंगारी वरून शिंपडत होते तेव्हा अप्पांनी इथून हाका मारल्या होत्या. त्यांचं बोलणं रंगाऱ्यांना कळलं नाही. म्हाताऱ्याला तहान लागली असेल म्हणून त्यांनी तांब्याभर पाणी पाठवलं. हे ऐकून मला इतका संताप आला की रंगाऱ्यांवर, सरांवर, नवऱ्याच्या तापावर आणि स्वतःवर, सगळ्यांवर एकदम आला. अप्पांनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "अक्षर?" मी म्हटलं, आहे, नीट होईल.

थोड्या वेळानं सर आले. माणूस वाईट नव्हता, चूक झाली म्हणाले. ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी पाठवतो, सगळी नव्यानं रंगवून देतो, खर्च माझ्याकडे. मी डिकी दाखवली. ते वाकून वाचत म्हणाले, त्यात काय, रेडियमवाल्याकडून हेच नाव टाकून घेऊ, अंधारात चमकतं. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर त्यांच्या मुलाला माझ्या वर्गात बसायची लाज वाटली असती. मागून त्यांच्या रंगाऱ्यानं थिनरची बाटली पुढे केली, एका फडक्यात साफ होईल म्हणाला. ती बाटली मात्र मी घेतली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. ऑइलपेंट काही ओल्या कपड्यासारखा वाळत नाही. वरून कोरडा लागला तरी आत तो हवेनं हळूहळू घट्ट होत राहतो, आठवडेच्या आठवडे. शिंतोडे दोन-तीन दिवसांचे, अप्पांची अक्षरं कित्येक वर्षांची. म्हणजे नवा रंग अजून कच्चा आणि जुना हाडासारखा पक्का. असं काहीतरी सौम्य हवं होतं की जे कच्च्याला मऊ करील आणि पक्क्याला सोडून देईल. पण जितकी उन्हं लागतील तितका हा कच्चाही पक्का होणार. मी मुख्याध्यापकांना फोन करून रजा टाकली. कारण विचारलं तर घरी आजारी आहे म्हटलं. कोण ते सांगितलं नाही.

स्वयंपाकघरात जाऊन तुरीच्या डाळीचा डबा रिकामा केला. अप्पांचाच रंग, अप्पांचंच अक्षर. एका टोकाला कापसानं थिनर लावलं. बघता बघता अक्षराचं टोक कापसावर आलं. खालचा कारखान्यातला मुलामासुद्धा चिकट झाला. दुसऱ्या टोकाला स्टोव्हमधलं रॉकेल लावलं, थांबले, पुसलं. अक्षर जसंच्या तसं. मग गाडीचं दार उघडून आतल्या कडेला, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, रॉकेलचा कापूस दाबून धरला. गाडीचा रंग हलला नाही. थिनरची बाटली रंगाऱ्याला परत दिली. डबा मात्र कायमचा बोडका झाला.

गाडी सरांच्या भिंतीपासून काढून कडुलिंबाच्या सावलीत आणली. तापलेल्या पत्र्यावर काहीही लावलं की ते लगेच उडतं आणि डाग पाडून जातं. आमच्या बोअरचं पाणी असं की तांब्या वाळला तरी पांढरा होतो. म्हणून पिण्याच्या हंड्यातलं नळाचं पाणी घेतलं. नळ आठ-आठ दिवसांनी यायचा, त्यामुळे आत्याचा जीव वर-खाली झाला. गाडी भरपूर पाण्यानं नुसती भिजवली, धूळ-वाळू वाहून जाऊ दिली. त्या वाळूसकट घासलं असतं तर ओरखडे मीच पाडले असते.

मग सुरुवात केली. रॉकेलमध्ये बुडवून पिळलेला कापूस ठिपक्यावर ठेवायचा, दम धरायचा, ठिपका मऊ पडला की अप्पांच्या जुन्या धोतराच्या फडक्यानं उचलायचा. घासायचा नाही, उचलायचा. उचलला की फडक्याची घडी बदलायची, नाहीतर आधीच्या ठिपक्याची कच पुढच्या जागेवर फिरते. लगेच साबणाच्या पाण्यानं ती जागा धुऊन कोरडी करायची. रबरावर आणि दिव्यांच्या प्लॅस्टिकवर रॉकेल जाऊ द्यायचं नाही. तिथं खोबरेल तेल लावून नखानं. जाड थेंब एका दमात निघत नव्हते. वरचा पापुद्रा निघायचा, खालचा चिकटून बसायचा, की पुन्हा कापूस. ब्लेड मी फक्त काचेवर वापरलं, तेही काच ओली ठेवून.

दुपारपर्यंत टप आणि एक दार झालं. कंबर मोडली, बोटांना रॉकेलचा वास बसला, आणि गल्लीतल्या प्रत्येकानं येता-जाता सल्ला दिला. कुणी टूथपेस्ट म्हणालं, कुणी बटाटा. एक जण म्हणाला, मॅडम, विकून टाका. नवऱ्याचा नांदेडहून फोन आला. तो म्हणाला, जाऊ दे गं, कशाला जिवाला त्रास, गाडी चालतेय ना? त्याला अजून ताप होता म्हणून मी त्याला माफ केलं.

आत्या ओट्यावर बसून बघत होती. संध्याकाळी ती उठली, फडकं घेतलं आणि दुसऱ्या दाराशी बसली. म्हणाली, "सांग, कसं करायचं." मी दाखवलं. काथ्यानं घागरी उजळणारा तो हात कापसाच्या बोळ्यासाठी इतका हलका होईल असं मला वाटलं नव्हतं. हात चालू असताना ती म्हणाली की दादाला नेऊन तिकडं तिचंही भागणार नाही, पण भावानं बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं? मग काही वेळानं, "तूच धर की त्याला." मी म्हटलं, धरूनच बसले आहे.

दुसऱ्या दिवशी स्पेअरपार्टच्या दुकानातून रबिंगची पेस्ट आणि पॉलिश आणलं. आत्यानं घासलेल्या जागेवर रबिंग अगदी बोटाच्या टोकाएवढं घेऊन, ओल्या मऊ फडक्यानं, जोर न देता फिरवलं. चकाकी बरीचशी आली. उन्हात तिरकं बघितलं तर ती जागा आजही कळते. बाकी गाडी तिसऱ्या प्रहरापर्यंत स्वच्छ झाली. उरली डिकी.

डिकीचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. हात बसू दे म्हणून. खरं सांगायचं तर भीती वाटत होती म्हणून. काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून मी खाली बसले, तर मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अप्पांनी आत्याला सांगून खुर्ची गाडीमागं आणवली होती. नको म्हणण्याची सोय नव्हती. ते बसले, डावा हात मांडीवर ठेवला, आणि परीक्षेला बाहेरून आलेल्या मास्तरासारखे माझ्या हाताकडे बघायला लागले.

पहिल्या अक्षरावर तीन-चार बारीक ठिपके होते. एकेक उचलला. खालचा तांबडा रंग तसाच. दुसऱ्यावर सावलीच्या काळ्या पट्टीवर एक होता, तोही निघाला. मागून "हं" असा आवाज आला. तिसरं अक्षर झालं तेव्हा माझ्या पाठीवरून घामाच्या धारा वाहत होत्या आणि मी मनातल्या मनात सगळ्या देवांना कामाला लावलं होतं.

चौथ्याच्या वरच्या कोपऱ्यावर जाड थेंब बसला होता, तुरीच्या दाण्याचा चांगला दुप्पट. कापूस ठेवला, थांबले, वरचा पापुद्रा काढला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. थोडासाच राहिला. तो काही हलेना. ऊन उतरत होतं. मी काडीला किंचित, अगदी किंचित जोर दिला.

थेंब निघाला. काडीवर हिरवा रंग होता आणि त्याच्या पोटाला तांबडा. अक्षराचा कोपरा गेला होता. डिकीच्या फटीतून पावसाचं पाणी रंगाखाली शिरून त्या जागेवरचा रंग आधीच फुगला असावा. ते मला दिसलं नव्हतं.

मी काडी हातात धरून तशीच बसून राहिले. मागं वळून बघायची हिंमत होईना. मग एकदम रडायलाच आलं, आणि या सगळ्या महिन्यांत जे बोलले नव्हते ते बाहेर पडलं. म्हटलं, "अप्पा, तुमचं अक्षर राखलं तर तुम्ही राहाल असं वाटलं होतं मला. तेवढंही जमलं नाही माझ्याच्यानं. पण जाऊ नका. काही लिहू नका, काही करू नका, नुसते बसा इथं. मला तुम्ही हवे आहात."

अप्पा खुर्चीचा हात धरून उठले, वाकले आणि डाव्या हाताचं बोट त्या गेलेल्या कोपऱ्यावर फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "कोपरा गेला. भरावा लागंल."

मी म्हटलं, कुणाकडून तरी भरून घेऊ.

"न्हाई," ते म्हणाले. "मी भरीन. हात आला की."

आत्या जवळच उभी होती. तिनं विचारलं, "आन् दादा, दसरा झाल्यावर निघायचं ठरलंय त्याचं काय?"

अप्पांनी तिच्याकडे असं बघितलं की वर्गात उशिरा आलेल्या पोराकडेच बघावं. पाट्या रंगवणाऱ्यांत एक रीत असते. पाटीला हात लावला की ती पुरी करूनच शिडी उतरायची, अर्धं अक्षर सोडून गाव बदलायचं नाही. ती रीत ते आयुष्यभर पाळत आले होते.

"काम अर्धं हाय, बाई," ते म्हणाले. "असं टाकून कुठं जाऊ?"

हे त्यांनी खरंच त्या कोपऱ्यासाठी म्हटलं, की रडणाऱ्या लेकीसाठी एक सोयीचं कारण शोधलं, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. त्या रात्री त्यांनी अख्खी भाकरी खाल्ली आणि ताटात वरण मागून घेतलं.

दसऱ्यानंतर आत्या एकटीच गेली. अप्पा तर त्या रात्रीनंतर दुसऱ्याच दिवसापासून डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं उघडायची, मिटायची, असं करायला लागले. डॉक्टरांनी आधी कितीदा सांगितलं होतं, तेव्हा ऐकलं नव्हतं. हात पुरता कधी आला नाही. अप्पा आमच्याकडेच राहिले, शेवटपर्यंत. तो कोपरा भरायचा राहिला, आणि मीही त्यांना कधी त्याची आठवण करून दिली नाही.